संबंधित कारागीर

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, इंदापूर तालुक्यातील कळस येथे माझ्या वडिलांनी आपल्या खोलीची खिडकी आतून फोडली. खिडकीला दुहेरी काच होती. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. त्याच वेळी समोरच्या गोठ्यात त्यांची गाय अडली होती; तिचं वासरू दगावलं. गुरुवारच्या अंकात या घटनेची दोन कॉलमी बातमी आली. ती मी लिहिली होती.

पुढे जे लिहितो आहे ते या आठवड्यापर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, मित्राला नाही, कार्यालयात तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? कारण ती बातमी तुम्ही वाचली होती — निदान काहींनी. फोन करून आबांची चौकशी केली होती. ‘त्या कारागिराला सोडू नका’ असंही तुमच्यातले काही जण म्हणाले होते. मी ‘बघू’ म्हणालो होतो.

बारामतीच्या कार्यालयात उमेदवारी करताना मला पहिली गोष्ट शिकवली गेली ती ही की बातमीत ‘मी’ नसतो. घडलं ते लिहायचं. कुठं, कधी, कुणाला काय झालं ते लिहायचं, आणि आपण बाजूला व्हायचं. मी ते इतकं चांगलं शिकलो की स्वतःच्या घरातली बातमी लिहितानाही बाजूला होऊ शकलो. आज राग येतो तो याच गोष्टीचा. राग म्हणजे पश्चात्ताप नव्हे. मला माझा राग येतो — सरळ, साधा, दात आवळून येतो तसा.

घरापासून सांगतो. कळसला रस्त्याला लागूनच आमचं रान आहे. जुन्या घरासमोरून कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या जायच्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली. बातम्या लिहायला घरात शांत जागा नव्हती. म्हणून नवं घर बांधलं तेव्हा हट्टानं दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या. पांढऱ्या चौकटी, दोन काचांमध्ये हवा कोंडलेली, बंद केल्या की बाहेरचं जग दिसतं पण ऐकू येत नाही. आबांच्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारं काचेचं दार होतं, शेजारी मोठी खिडकी. बाकी घराला लोखंडी गज होते. या एका खिडकीला मुद्दाम लावले नव्हते, कारण तिथून गोठा, कडवळाचं वावर, लांबवर कालव्याच्या झाडांची रांग असं सगळं दिसायचं. पाहुणे आले की मी त्यांना तिथं उभं करायचो. दार ओढून घ्यायचो. म्हणायचो, ‘बघा, ऐकू येतंय काही?’

आबांना तेच नको होतं. ते आयुष्यभर गुरांच्या आवाजावर झोपले आणि उठले. कुठली म्हैस पाण्यासाठी ओरडतेय, कुठली रेडकासाठी, हे त्यांना अंथरुणातून कळायचं. ‘मुकं घर बांधलंस इलास,’ ते म्हणायचे. आणि दिवसभर दार सताड उघडं ठेवायचे. कळसमध्ये दिवसा दार लावत नाहीत. दिवसा लागलेलं दार म्हणजे घरात मयत तरी झालंय नाहीतर भांडण तरी, असं लोक धरून चालतात. मी एसी लावून जायचो, संध्याकाळी येऊन बघायचो तर एसी चालू, दार उघडं, खोलीत माश्या, फरशीवर शेणाच्या पायांचे ठसे. रोज. आमची रोज यावरून जुंपायची.

दार असं सारखं उघडं राहिल्यानं आणि वाऱ्यानं आपटल्यानं ते बिजागरीवरून खाली बसलं. कुलपाचे आकडे चौकटीतल्या खाचांत जाईनात. हँडल अर्ध्यात अडकायचं. म्हणून इंदापूरहून अंकुशला बोलावलं. असल्या खिडक्यांची कुलपं, हँडलं, बिजागऱ्या दुरुस्त करणारा तालुक्यात तेव्हा तोच होता. हे लक्षात ठेवा — तोच एकटा होता. बातमीत नाव न घालताही ते नाव घातल्यासारखं झालं ते यामुळं.

अंकुश मला आवडत नसे. कपाळावर गॉगल, तोंडात तंबाखू, आवाज टिपेचा. फोन आला की स्पीकरवर टाकायचा, कारण हात कामात असायचे. मग समोरच्याच्या घरची सगळी भानगड आपण ऐकायची. यायला उशीर करायचा आणि आल्यावर उशिराची मोठी गोष्ट सांगायचा. पत्र्याचा कीस, जुने स्क्रू तिथंच टाकून जायचा. आबांशी मात्र त्याचं फार जमलं. दाराखाली लाकडी पाचर ठोकून त्यानं ते उचललं, बिजागरीचा स्क्रू पिळत पिळत दार चौकटीत बसवलं, कुलपाची पट्टी बदलली, आणि नवं हँडल लावलं — किल्लीचं. घरातल्या बाकी हँडलांसारखंच. सगळ्यांना एकच किल्ली.

‘आबा, हितं बघा. ही किल्ली अशी फिरवली की हँडल मुकं. मग हत्ती आला तरी उघडायचं न्हाय.’

‘हत्ती कशाला यील? आमचा इलासच पुरं हाय.’

दोघं खो खो हसले. मी दारात उभा होतो. आबांनी ती किल्ली हातात घेऊन एकदा लावून बघितली, उघडून बघितली, आणि परत मला दिली. त्यांना किल्ली माहीत होती. हेही लक्षात ठेवा.

इथं मी थांबतो. खरं तर या वाक्याशी येऊन मी गेले काही दिवस थांबतोच आहे. उठून चहा करतो, कुणाचा तरी फोन घेतो, परत येऊन बसतो. तुम्ही ओळखलंही असेल. बातमीत मी काय लिहिलं होतं ते आधी देतो, म्हणजे माझी सोय होईल — बघा, अजूनही सोयच बघतो आहे.

‘निकृष्ट दुरुस्तीमुळे ज्येष्ठ शेतकरी घरात अडकले’ असा मथळा होता. खाली, काचेच्या दाराचे नुकतेच दुरुस्त केलेले कुलूप अचानक नादुरुस्त झाल्याने दार उघडले नाही, घाबरलेल्या अवस्थेत त्यांनी खिडकीची काच फोडली, वगैरे.

कुलूप नादुरुस्त झालं नव्हतं. किल्ली माझ्या खिशात होती.

त्या सकाळी आबांनी आपली बाज गोठ्यात नेऊन टाकली होती. तांबडी गाय दिवसांत होती आणि तिची लक्षणं आज-उद्याची आहेत असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर आधी उन्हात चक्कर येऊन ते बसले होते. डॉक्टरांनी दुपारचं बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. मी बाज उचलून परत आणली. त्यावरून भांडण झालं. मला बारामतीला एका पतसंस्थेच्या कार्यक्रमाला जायचं होतं, पांढरा शर्ट घातलेला होता, आणि बाजेच्या सुंभाला लागलेलं शेण त्या शर्टाला लागलं. मी म्हणालो, मी दुपारी येईपर्यंत आत राहा. ते म्हणाले, ‘गाय तुझ्या मिटिंगची वाट बघायची न्हाय.’ आणि मग गोठ्यातल्या गड्यासमोर: ‘ह्याला गाईचं पुढलं कुठलं नि मागलं कुठलं इचारा. पेपरात लिवतो शेतकऱ्याचा ल्योक.’

गडी हसला. मग तो सुट्टी घेऊन गावाकडं निघून गेला.

मी शर्ट बदलला. सुनीता — माझी बायको, ती शाळेत शिक्षिका आहे — निघून गेली होती. दोघंही बाहेर जाणार असलो की पुढच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं आणि आबा आपल्या काचेच्या दारानं ये-जा करायचे. ही घरची रीतच होती. त्या दिवशी मी घरभर फिरलो. प्रत्येक खिडकीचं हँडल बंद करून किल्ली फिरवली. शेवटी आबांच्या खोलीत गेलो. ते पाठ करून पडले होते. खिडकी लावली. दार लावलं. किल्ली फिरवली आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टाकली. मग पुढच्या दारानं बाहेर पडलो.

उन्हाची काळजी म्हणून लावलं का? आज चार वर्षं मी स्वतःला हा प्रश्न विचारतो आहे आणि उत्तर पहिल्या दिवसापासून तेच आहे. काळजी असती तर त्यांना सांगून लावलं असतं. काळजी असती तर त्यांचा फोन कुठं आहे ते बघितलं असतं. तो गोठ्यात खुंटीच्या पिशवीत होता. गड्यासमोर माझं हसं झालं होतं. रागानं लावलं.

दुपारी तांबडी अडली. वासराचा एक पाय आत मुडपलेला होता, असं नंतर गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. अशा वेळी कुणी हात घालून तो पाय सरळ केला तर वासरू सुटतं. आबांनी आयुष्यात ते कितीतरी वेळा केलं होतं, आमच्याच नाही, गावातल्या गुरांनाही. गोठा त्यांच्या खिडकीसमोर आहे, अंगणाच्या पलीकडं. त्यांना सगळं दिसत होतं. गाय बसतेय, उठतेय, परत पडतेय, मान लांब करतेय. तिचा आवाज येत नव्हता. तो आवाज घरात येऊ नये म्हणूनच तर मी त्या काचा घातल्या होत्या.

शेजारच्या मळ्यातल्या हिराअक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालल्या होत्या. त्यांनी आबांना काचेमागं बघितलं. हे त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं, रडत: ‘आबा दोन्ही हातांनी बोलवत हुतं. मला वाटलं च्याला या म्हणत्यात. मी आपला इळा हालवला, म्हटलं, न्हाय ओ, घाई हाय. आन् हासले बी. मेलं माझं तोंड, हासले बी!’

आबा ओरडत होते. अक्कांना ते चहाला बोलावताना दिसले.

मग त्यांनी पितळी तांब्यानं काच मारली. आतली फुटली, बाहेरची तशीच. मधल्या फटीतून हात घालून बाहेरच्या काचेवर मारत राहिले. ती फुटली तेव्हा हात दोन्ही काचांच्या मध्ये होता. आवाज ऐकून अक्का भारा टाकून मागं धावल्या. आबा खिडकीतून बाहेर उतरले ते त्यांच्याकडं बघितलंही नाही, तसेच गोठ्यात गेले. उजवा हात पंच्यात गुंडाळून डाव्या हातानं त्यांनी वासरू ओढलं. अक्कांनी मदत केली. वासरू मेलेलं होतं. गाय वाचली.

बारामतीच्या दवाखान्यात मी त्यांच्या आधी पोचलो होतो, कारण मी बारामतीतच होतो. सुनीता शाळेतून आली. तिनं पहिलं विचारलं, ‘दार उघडं नव्हतं का?’

एवढा सोपा प्रश्न. खिशात किल्ली. मी म्हणालो, ‘कुलूप अडकलं असणार.’

अडकलं नाही — अडकलं असणार. मला किती सहज सुचलं ते! ती म्हणाली, ‘परवाच तर अंकुशनं दुरुस्त केलं होतं.’ मग पुन्हा म्हणाली, ‘त्यानंच वाट लावली.’ मी म्हणालो, ‘हं.’ आणि खिडकी का नाही उघडली, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, ‘गोंधळले असतील. वय झालंय.’ ज्या माणसानं एक हात तुटलेला असताना दुसऱ्या हातानं वासरू ओढलं त्याच्याविषयी मी हे म्हणालो.

इथंही थांबता आलं असतं. माणूस घाबरून एकदा खोटं बोलतो, कुणीही बोलेल. मी त्यावर थांबलो नाही. सुनीताचा भाऊ दुसऱ्या दिवशी येऊन दार बघतो म्हणाला होता. आबांचे कपडे आणायचं निमित्त करून मी दिवस मावळायच्या आत कळसला गेलो. सगळ्या खिडक्यांची हँडलं किल्लीनं मोकळी केली. आबांच्या दाराचं कुलूप उघडलं — किल्ली अगदी लोण्यात फिरावी तशी फिरली. मग पेचकसानं हँडल काढलं, आतल्या पेटीवर पेचकसाचं टोक ठेवलं आणि हातोडा मारला. पहिल्या घावात काही झालं नाही. दुसऱ्याला नाही. मला त्या कुलपाचा संताप आला. शिव्या देत मारत राहिलो. समोर गोठ्यात तांबडी उभी होती, वासरू शोधत हंबरत होती, आणि फुटक्या खिडकीतून आता सगळं ऐकू येत होतं.

शेवटी ती पेटी पिचली. आकडे बाहेर आलेल्या अवस्थेत अडकले. हँडल परत लावलं. फिरेना. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश दवाखान्यात आला. कुणी बोलावलं नव्हतं. अक्कांच्या घरून त्याला कळलं होतं. गॉगल नव्हता. पिशवीत डाळिंबं. जिन्यापासूनच त्याचा आवाज येत होता, आणि आत येऊन तो थेट खाटेशी गेला.

‘आबा, माझं कुलूप अडकू शकत न्हाय. तुमच्यासमोर बसवलं मी. तुमी सोता फिरवून बघितलं. आता तुमीच सांगा, काय झालं?’

सुनीता होती, तिचा भाऊ होता, मी पायथ्याशी उभा होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. माझ्या खिशाकडं बघितलं असं मला वाटलं. ते खरं की माझ्या मनाचं, हे सांगता येणार नाही, म्हणून लिहीत नाही. मग ते अंकुशला म्हणाले:

‘अडकलंवतं बाबा.’

तो गप्प झाला. मी अंकुशला गप्प झालेलं प्रथमच बघितलं. शेजारच्या स्टुलावर बसला, माझ्या कोपराला त्याचा खांदा लागत होता. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. मग आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि निघून गेला.

आणि मी काय केलं? बातमी लिहिली. त्याच दिवशी, त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात, फोनवर. कुणी मागितली नव्हती. मला ते कागदावर हवं होतं — छापून आलं की ते घडलं, असं मी ज्या धंद्यात आहे तिथं धरतात, आणि मला ते घडायला हवं होतं. पुण्याच्या डेस्कवरून सहकाऱ्यानं विचारलं, ‘दुसरी बाजू घेतलीस ना?’ मी म्हणालो, ‘फोन लागत नाही.’ आणि शेवटी ती ओळ घातली, जी आम्ही अशा वेळी घालतो:

‘संबंधित कारागिराशी संपर्क होऊ शकला नाही.’

तो माझ्या कोपराशी बसून गेला होता.

पेपर आल्यावर दोन दिवसांनी अंकुश कळसला घरी आला. भांडायला आला असं वाटून मी बाहेरच उभा राहिलो. त्यानं एवढंच विचारलं, कुलूप बघू का? मी नाही म्हणू शकलो नाही. त्यानं ते दारातून काढलं, अंगणात उकिडवा बसून उन्हात धरलं, आलटून पालटून बघितलं. पेटीवर हातोड्याच्या खुणा होत्या. लपवायचं मला सुचलंही नव्हतं. त्याचा अंगठा त्या खुणांवरून फिरला. परत फिरला.

‘असं आतून कदी तुटत न्हाय, साहेब.’

त्यानं कुलूप पालथं केलं.

‘पण आबा बोलले म्हंजी खरंच की. आबा कशाला खोटं बोलतील?’

कुलूप त्यानं फडक्यात बांधून घेतलं. जाताना गाडीला किक मारून म्हणाला, आणि त्यात खोच नव्हती, हे मला आजही खात्रीनं सांगता येतं: ‘पेपरात संपर्क झाला न्हाय असं आलंय. मी तर तुमच्या शेजारीच बसलोतो.’

मी म्हणालो, ‘बातमीत तसं लिहायची पद्धत असते.’

‘व्हय का,’ तो म्हणाला. ‘असंल.’

त्याच्या हातात पुरावा होता आणि त्यानं तो मानला नाही, कारण आबांनी तोंडानं सांगितलं होतं आणि मी छापून. डोळ्यांपेक्षा त्यानं आमच्यावर विश्वास ठेवला. तो चिडला असता, माझी गचांडी धरली असती, तर? मला सोपं गेलं असतं. मी त्याच्याविरुद्ध आणखी एक बातमी लिहिली असती. मी लिहिलीच असती, यात मला शंका नाही.

नंतरचं मी बातमीदारासारखं दुरून जमवत राहिलो. इंदापुरात चहाच्या टपरीवर लोक त्याला म्हणायचे, ‘काय अंकुशराव, आमच्या म्हाताऱ्याला कोंडू नका हां!’ पहिल्यांदा तोही हसायचा. मग त्यानं दारांची कामं घेणं बंद केलं. नुसत्या मच्छरजाळ्या बसवायचा. कुणी कुलूप दाखवलं तर म्हणायचा, ‘माझ्या हाताचा भरवसा न्हाय ऱ्हायला.’ हे मला त्याच्या गाळ्याशेजारच्या टेलरनं सांगितलं, आणि वर म्हणाला, पोरगं आधी केवढं बोलायचं. पुढं गाळा बंद झाला. बायकोच्या माहेरी, कऱ्हाटीला, निघून गेला. तिथं उसाची रोपं तयार करणाऱ्या एका नर्सरीत ट्रे पोचवायची पिकअप चालवतो.

आबांच्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. धार काढता येत नाही. आता गडी धार काढतो आणि आबा शेजारी बादलीवर लक्ष ठेवून बसतात. त्यांच्या खोलीच्या दाराला मी कुलूप परत बसवलंच नाही. ते दिवसभर उघडं असतं. ते गोंधळले होते, घाबरले होते, असं छापून आलेलं त्यांनी वाचलं होतं. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत.

एकदा मीच विचारलं. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ते अंगणात झूल झटकत होते. म्हणालो, त्या दिवशी तुम्ही अंकुशला तसं का सांगितलंत? किल्लीचं नाव मी काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

‘तुझं समदं नावावर चालतं,’ ते म्हणाले. ‘नाव गेलं की तुला दुसरं काय येतंय? त्याचं हातावर हाय. हात कुठंबी चालंल, म्हटलं.’ मग झूल घडी करत: ‘त्याचा हातच थांबला. चुकलं माझं.’

चुकलं माझं, असं ते म्हणाले. मी तिथं उभा होतो. नाही आबा, तुमचं नाही, एवढं म्हणायला किती दम लागतो? मी झुलीचं दुसरं टोक धरलं आणि घडीला हात लावला.

सुनीता हे छापून आल्यावर वाचेल. तिचा भाऊही वाचेल. डेस्कवरचा तो सहकारी अजून तिथंच आहे. हा मजकूर बहुधा त्याच्याच हाताखालून जाईल. कुणी काय म्हणावं हे मी सुचवत नाही.

ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्याशी आधी बोलायचं, हा नियम मी चार वर्षांनी पाळला. सोमवारी सकाळी अंकुशला फोन केला. नंबर तोच होता. फोन नेहमीप्रमाणं स्पीकरवर असावा. मागं पिकअपचं इंजिन आणि झारीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं.

‘बोला साहेब! आबा कसं हायत? हात वळतो का?’

नाही वळत, म्हणालो.

‘माझ्या हातनं झालं बघा ते. गायबी आठवती मला.’

मी म्हणालो, ‘अंकुश, कुलूप चांगलं होतं. मी किल्लीनं लावलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. नंतर मी ते हातोड्यानं मोडलं.’

पाण्याचा आवाज थांबला. इंजिन चालू होतं. एका बाईचा आवाज आला: ‘कोन हाय ओ?’

‘कुणी न्हाय,’ अंकुश म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर सोमवारी दुपारी, मंगळवारी आणि काल पुन्हा फोन केला. हा मजकूर लिहून होईपर्यंत संबंधित कारागिराशी संपर्क होऊ शकला नाही.